झटक्यात उघडलेलं चित्र

पंचगंगेला पूर आला होता आणि पूर नियंत्रण कक्षात अक्षतासमोरचा कॉम्प्युटर अजून माहितीच वाचत बसला होता. उपग्रहाचं कोणतंही चित्र उघडायचं म्हणजे आधी त्याची सगळी कुंडली स्क्रीनवर यायची: कॅमेरा, कोन, ढग, तारीख, चित्र सीडीवर कुणी उतरवलं, मंजुरी कुणाची. चहा गार व्हायचा, पण चित्र यायचं नाही. तिकडे हिरवेवाडीत पेशंट घेऊन जीप खोळंबली होती; कसबा बावड्याच्या दवाखान्याकडे येणारा रस्ता पाण्याखाली आहे का, एवढंच त्यांना हवं होतं.

"सर, चित्राबरोबर फक्त तारीख आणि ठिकाण ठेवू. बाकीचं बाजूला काढू," तिने पुन्हा एकदा सांगितलं.

"हे ठेव, ते काढ, कुठं निवडत बसतीस? सगळंच उडव!" म्हणत चौगुले साहेबांनी स्वतःच बटण दाबलं.

यावेळी चित्र खरंच झटक्यात उघडलं. रस्ता पांढरा, स्वच्छ. अक्षतालाही क्षणभर बरं वाटलं. साहेबांनी लगोलग हिरवेवाडीला फोन लावला. "रस्ता मोकळा हाय. सोडा जीप!"

अक्षता अजून चित्रातली नदी बघत होती. दोन्ही काठांना वाळू दिसत होती.

"सर, नदी एवढी बारीक कशी? हे उन्हाळ्यातलं चित्र तर नाही ना?"

"मग तारीख बघ की!"

"तारीख कुठे ठेवलीत, सर?"

साहेबांनी घाईघाईने पुन्हा तोच नंबर फिरवला. पलीकडून खुशीतला आवाज आला, "तुम्ही म्हणाला आन् लगीच सोडली की, सायेब!"