इथला भाव

मुलांनो, डोळे मिटा आणि रामकुंडाजवळची पेरूची पाटी नजरेसमोर आणा. पाटीपुढे दहा वर्षांची तेजश्री उभी आहे. बर्लिनच्या शाळेत मुलं विचारतात, “तू नेमकी कुठली?” ती सांगते, “नाशिकची.” यंदाच्या सुट्टीत ती पहिल्यांदाच इथे आली आहे. पेरूवाल्या मावशींनी किलोचा भाव शंभर सांगितला, तिने “थँक्यू” म्हणत पेरू निवडले. एवढ्यात शेजारच्या काकूंना तेच पेरू साठला मिळाले. “मावशी, मीसुद्धा इथलीच आहे,” ती म्हणाली. मावशी मोठ्याने हसल्या. “मग थँक्यू कशाला म्हणालीस, पोरी? इथलं गिऱ्हाईक भाव ऐकून आधी नाक मुरडतं!” काकूही हसल्या. तेजश्रीला बर्लिनच्या वर्गातल्यासारखंच एकटं वाटलं. तिने निवडलेले पेरू पाटीत परत ठेवले. “साठला द्यायचे तर बोला,” म्हणाली आणि पाठ फिरवून, मागून हाक ऐकू येईल इतकी हळू चालू लागली.