मागची दाढ

निजामाच्या अमलात तालुक्याला नवा दवाखाना निघाला, तेव्हाची गोष्ट. माकणीची महानंदा सात वर्षांच्या लेकीला, इरम्माला घेऊन तिथं आली. गोड खाल्लं की पोरीची मागची दाढ दुखायची. डॉक्टरांनी तोंडात डोकावून पाहिलं. म्हणाले, “कीड नुकतीच लागतेय. मी साफ करून औषध घालतो, पण ही दाढ आता जपायची.”

“दुधाचीच हाय न्हवं, साहेब? आपसूक पडंल की.”

“नाही बाई. पुढचे दात पडतील, ही पडायची नाही. गेली तर दुसरी येत नाही. हिला ती म्हातारपणापर्यंत पुरवायची आहे.”

एवढ्याशा पोरीच्या तोंडात म्हातारपणाची दाढ कशी आली, हे काही महानंदाच्या डोक्यात शिरेना. तरी तिनं मान हलवली. “मंग करू काय?”

“गूळ कमी द्या. रोज झोपताना बारीक मिठानं दाढ घासा. लेकराचं बोट तिथवर नीट पोचत नाही, म्हणून तीन वर्षं तरी आईनंच घासून द्यायची.”

महानंदा अजूनच गोंधळली. तिनं पोरीकडं बघितलं, उगाच पदर सारखा केला आणि हळूच विचारलं, “आईनंच घासाय पायजे का, साहेब? सोमवारी सासरची माणसं हिला न्यायला येत्यात. सासूनं घासली तर चालंल?”

डॉक्टरांनी हातातलं औषध खाली ठेवलं आणि पोरीचं वय पुन्हा एकदा विचारलं. आपलं विचारण्यात काय चुकलं, ते महानंदाला कळेना.