नळीतला पीळ

सासूबाईंनी नेमबाजी सोडायचं ठरवलं होतं, संघातली जागाही दुसऱ्याला देऊन टाकली होती. "हात गेला गं माझा," म्हणत त्यांनी निशाण्याचा कागद माझ्यापुढे टाकला. बंदुका दुरुस्त करणं माझा धंदा. मला वेगळंच दिसलं. भोकं गोल नव्हती, लांबट होती. गोळ्या कोलांट्या खात जात होत्या. "हात ठणठणीत आहे, आई. तुमची नवी गोळी जड, पॉइंट टू-टू रायफलच्या नळीतल्या खाचांचा पीळ तिला पुरेसं फिरवत नाही." 'गोळी बदला' असं सासूबाईंना सांगण्यापेक्षा नळी बदलणं सोपं. सोळा इंचांत एक फेरा देणारी काढली, नऊ इंचांत देणारी बसवली. त्या पालथ्या झोपल्या, नेम धरला. पाच गोळ्या, पाच गोल भोकं, बटणाखाली झाकतील इतकी जवळ. सासूबाई खुदकन हसल्या. "रविवारच्या सामन्यात माझं नाव घाल. आणि माझ्या जागेवर जो आडवा पडलाय, त्याला उठव!"