बाजूने बघणारी

"आता कसं हाये?" बकारामने गिरमिट थांबवून विचारलं.

"सिदं हाये," सुलोचनाबाई म्हणाली.

दवनीवाड्याच्या टेकचंद पटल्यांच्या अंगणात बिजाच्या लाकडाच्या दोन जुन्या तुळया ठोकळ्यांवर एकावर एक ठेवून साखळीने आवळल्या होत्या. ट्रॅक्टरच्या खोलीच्या रुंद दारावर ही जोडी चढायची होती आणि त्याआधी दोन्ही टोकांना लांब बोल्ट आरपार जायचे होते. ड्रिल मशीन वीतभर जाऊन अडकली, म्हणून बकाराम सुताराला बोलावणं गेलं. त्याच्याकडे बापाच्या वेळचं हातभर लांबीचं गिरमिट होतं.

त्या गिरमिटाला दोन माणसं लागतात, एक फिरवणारा आणि एक बघणारा. दांडा डावीकडे कलला की उजवीकडे, ते फिरवणाऱ्याला दिसतं. तो आपल्या अंगाकडे झुकला की पुढे गेला, ते मात्र त्याला कळत नाही. ते बाजूला उभं राहून कुणीतरी सांगावं लागतं. लग्न झाल्यापासून बकारामच्या बाजूला बायकोच उभी राही. नवऱ्याला चारचौघांत ‘चुकलं’ म्हणायची मुभा तिला आयुष्यात या एकाच कामात मिळाली होती आणि तिने ती पुरेपूर वसूल केली होती. "आंगाकडं चाललं ना, दिसते का नाई तुमाले?" असं ती गिऱ्हाइकासमोर बिनदिक्कत सुनवायची.

आज मात्र एकदाही नाही. दर वेळी ‘सिदं हाये’. बकाराम मनातल्या मनात फुलला. या वयातही आपला हात असा चालतो, हे टेकचंदने नीट बघावं म्हणून त्याने जरा जास्तच ऐटीत जोर लावला. लाकडाचा कीस भोकातून वर येत राहिला.

टोक खालून बाहेर पडलं. बकारामने गिरमिट उलटं फिरवून काढून घेतलं आणि टेकचंद वाकून बघायला गेला. खाली खडूची फुली होती. भोक फुलीपासून चार बोटं पलीकडे निघालं होतं.

"बकारामभाऊ, हे तं पुरं तिरपं गेलं," टेकचंद म्हणाला. "बोल्ट कसा बसन आता?"

बकारामने बायकोकडे पाहिलं. तुळईच्या टोकावर हात ठेवून ती मघासारखीच उभी होती. गिरमिट तिथे नव्हतं, तरी ती तिथेच बघत होती.

बकाराम गिरमिट घेऊन दुसऱ्या टोकाला गेला. ती तुळईवरून हात सरकवत मागोमाग आली. त्याने गिरमिट फुलीवर टेकवलं, थोडं आत जाऊ दिलं आणि दांडा मुद्दाम आपल्या छातीकडे ओढला. इतका, की रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसलं असतं.

"आता कसं हाये?"

"सिदं हाये. चालू द्या."

टेकचंदने तोंड उघडलं. बकारामने हात वर करून त्याला थांबवलं.

"माह्या हातात दम नाई राह्यला, टेकचंदभाऊ. चूक माही हाये. तुमची लाकडं खराब केली मी."

टेकचंद तसा फटकळ माणूस. त्याला काय कळलं, काय नाही, कोण जाणे. तो दोघांकडे बघत राहिला आणि मग एवढंच म्हणाला, "राहू द्या. गोंदियावरून लोखंडी गाटर आणतो. लाकडं चुलीले कामी येतीन." मोटारसायकल काढून तो निघून गेला.

मोटारसायकलचा आवाज लांब गेला.

"तुमच्या हाताले काई नाई झालं," सुलोचनाबाई म्हणाली.

"माईत हाये मले. कदीपासून?"

"पोळ्यापासून कमी कमी होत गेलं. आता उजेड तेवढा कळते."

"मंग कायले नाई सांगितलं? दवाखान्यात गेलो असतो." तिच्यावर रागवावं असं त्याला फार वाटलं, पण रागाच्या आधी रडूच आलं.

"सुनेसंगं गेली होती. डॉक्टर म्हणे, गेलेली नजर वापस येत नाई." तिने पदराने तोंड पुसलं. "आन् तुमाले सांगितलं असतं तं तुमी मले घरीच ठेवलं असतं. तिथं अंधारात बसून काय केलं असतं मी? इथं तुमचं गिरमिट तरी आयकू येते."

बकारामने डोळे पुसले. ही लाकडं आता चुलीतच जाणार होती. त्याने दांडा दोन्ही हातांनी धरला आणि अर्धवट राहिलेलं भोक पुढे पाडायला घेतलं, कुठे निघेल ते न बघता.