बोट ठेवा, आता तुम्ही वाचा

विमलबाईंनी बोट ठेवलं. माईकमध्ये आधी त्यांचा श्वासच घरघरला.

आसेगावच्या विहारात वर्षावासाचा, पावसाळाभर रोज वाचायचा ग्रंथ आजवर एकाच आवाजात ऐकला गेला होता. देवमनच्या. विमलबाईंच्या नवऱ्याच्या. तीस पावसाळे. काल तो आवाज बसला. डॉक्टरने बोलायलाच मनाई केली. वाचता येणारी पोरं पुण्याला, नागपूरला. येतात ती समारोपाला, जेवणाच्या दिवशी.

"आज कोन वाचते मंग?"

"मी वाचतो," विमलबाई म्हणाल्या.

विहार हसला. "टीव्ही पाहून लोक सयपाक शिकतेत," शेजारची लिलाबाई म्हणाली, "हे वाचाले शिकली!"

देवमनने दोन्ही हातांनी नको, नको केलं. आपली लाज वाटते याला, विमलबाईंना वाटलं. मग तर वाचायचंच.

दोन वर्षं. रोज दुपारी दूरदर्शनवर लहान मुलांचा वाचनपाठ. नातीला एका जागी बसवायचं म्हणून त्या मागे बसायच्या, तूर निवडत. पडद्यावरच्या बाई अक्षर दाखवायच्या. बोट ठेवा. आता तुम्ही वाचा. मग गप्प व्हायच्या. त्या गप्प जागेत नात बोलायची. एका दुपारी नात झोपली होती. त्या जागेत विमलबाईच बोलल्या.

बोट ठेवा.

"एक... भिक्खू... आजारी... होता."

आता पुढे.

"त्याच्याजवळ... कोणी... जात... नव्हतं."

हसू थांबलं. कुजबुज सुरू झाली.

"थांब व," लिलाबाई म्हणाली. "काल आपण नगराच्या वेशीपाशी आलो होतो. आज आत जाचं होतं. हा आजारी कोन?"

"तीस वर्सं झाले, हा मानूस ग्रंथात कधी आलाच नाई!"

"पान चुकलं तिचं."

विमलबाईंनी खूण पाहिली. काल देवमननेच घातलेला दोरा. याच पानात.

मागचं पान पाहिलं. वेस नव्हती.

त्याच्या मागचं. नव्हती.

पुढचं. नगर नव्हतं.

तीस पावसाळे त्या समोर बसून पाहत आल्या होत्या. देवमनने ओळीवर कधी बोट ठेवलं नव्हतं. एका अक्षराला कधी अडला नव्हता. लहानपणी ज्या म्हाताऱ्याच्या पायाशी बसून त्याने ग्रंथ ऐकला, त्या म्हाताऱ्याच्याच चालीत तो वाचायचा. पान उलटायचा ते पान संपलं म्हणून नाही. दम लागला म्हणून.

त्यांनी देवमनकडे पाहिलं. तो सतरंजीकडे पाहत होता. मान इतकी खाली, की मानेचं हाड दिसत होतं.

पान बरोबर म्हणावं, तर त्याचे तीस पावसाळे गेले.

चुकलं म्हणावं, तर आपल्या दोन वर्षांच्या दुपारी गेल्या.

सगळे वाट पाहत होते.

"चुकलंच असन," विमलबाई माईकमध्ये म्हणाल्या. "टीव्हीवरचं शिक्षन हाय."

विहार पुन्हा हसला. लिलाबाई सगळ्यात मोठ्याने. विमलबाई ग्रंथ मिटू लागल्या.

मध्येच एक हात पानावर येऊन पडला. देवमनचा. तो माईककडे वाकला. गळ्यात आवाज नव्हता, नुसती हवा होती. पण माईकने तीही धरली, आणि ती भोंग्यातून गावभर गेली.

"पान बरोबर हाय. वाच व. म्याबी हे आजच आयकलं."