पदरातला प्रसाद

चर्चमधल्या प्रसादाच्या रांगेत कोळीण आवडाबाईने इतरांसारखी जीभ पुढे केली नाही, ओंजळ पुढे केली. फादरांची सकाळपासूनची ही तिसरी मिस्सा, तिसरी उपासना. “ख्रिस्ताचे शरीर,” असं म्हणताना त्यांचं लक्ष समोरच्या माणसाकडे नव्हतंच. “आमेन”ऐवजी “व्हय बाबा” असं उत्तर आलं, तरी त्यांना जाग आली नाही. ती पातळ पांढरी चकती त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली आणि ते पुढच्या जिभेकडे वळले.

तिने चकती कपाळाला लावली, पदराच्या टोकात ठेवली आणि घट्ट गाठ मारली. देवाच्या दारी प्रसाद मिळाल्यावर शहाण्या बाईने दुसरं काय करायचं? घरचा माणूस आजारी असताना आपण आधी थोडाच खातो!

पण चर्चची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या पास्कोलने ती गाठ पाहिली होती. मिस्सा संपल्याबरोबर त्याने तिला दारात गाठलं.

“बाय, तू खाल्ला नाय तो?”

“नाय बा. माझे घोवाला नेतंय. दहा दिस झाले इस्पितळात परलाय. पानी पन उतरत नाय घशाखाली. येवरासा तुकरा हाय, गिलंल तो.”

पास्कोलला रागवायचं होतं. पण पदरात काय आहे ते ठाऊक असल्यावर त्याचा गुडघा आपोआप जमिनीला टेकला. आवडाबाई दचकून मागे सरली.

“अरे बाबा, माझे पाया काय परतंस? मोठा हायस तू!”

बाहेर पडणारी माणसं वळून बघायला लागली. फादर झगा न उतरवताच आले. त्यांना चहा हवा होता आणि आडवं व्हायचं होतं. पास्कोलने घाईघाईने सगळं सांगितलं.

“बाई, चूक माझीच आहे,” फादर म्हणाले. “पण हा प्रसाद बाहेर नेता येत नाही. मला तो परत द्या.”

“माझे हाताला म्हावऱ्याचा वास येतो म्हून?”

“नाही हो, नाही!” फादरांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. नीट समजावून सांगायला अर्धा तास लागला असता, आणि तेवढा जीव त्यांच्यात उरला नव्हता. “आमच्या लेखी हा नुसता प्रसाद नाही. हा देवच आहे.”

“म्हून तं नेतंय,” आवडाबाई म्हणाली.

फादर कण्हत कण्हत तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. गाठ ओली होती, सुटता सुटेना. सुटली तेव्हा चकतीचे दोन तुकडे झालेले दिसले. शेजारी माशाचा एक खवला चिकटला होता. फादरांनी दोन्ही तुकडे तोंडात घातले. मग बोटाच्या टोकाने एकेक कण टिपून घेतला. आवडाबाई पदर धरून उभी होती. तिच्या नवऱ्याचा घास तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या तोंडात गेला.

पास्कोलच्या खांद्याचा आधार घेऊन फादर उठले.

“मी प्रार्थना करीन त्यांच्यासाठी.”

हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा बोलत आणि बहुतेक वेळा उंबऱ्यापाशीच विसरून जात.

“कवा?” आवडाबाईने विचारलं.

एवढ्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

“करीन... आज करीन.”

“त्याचा तुमी खाल्लात. आता त्याच्यासाठी तुमीच मागा.”

फादरांनी हळूच विचारलं, “नाव काय त्यांचं?”

आवडाबाईने मान खाली घातली. नवऱ्याचं नाव तिने लग्नात घेतलं होतं तेवढंच. तिने एकदा लांब वेदीकडे पाहिलं.

“दामाजी,” ती मोठ्याने म्हणाली, तिथवर ऐकू जाईल असं.

आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

“मागा तुमी. मी हाय हितंच.”