काळा पडदा

पक्षाघाताने फुलवंताबाईंची वाचा गेली होती. त्या डाव्या हाताने टाइप करत आणि संगणक ते मोठ्याने वाचून दाखवी. परवा संगणक ज्या लिनक्स प्रणालीवर चालतो तिचं अपडेट आलं, पडदा काळा झाला आणि घरातलं बोलणं थांबलं.

संगणक दुरुस्तीसाठी नंदुरबारहून आलेल्या तौहिदने दुपारभर खटपट केली. "काका, मशीन चालू आहे. पण ग्राफिक्स कार्ड जुनं. त्याला चालवणारं जुनं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, नव्या लिनक्सवर चालत नाही, आणि नवा ड्रायव्हर या कार्डाला ओळखत नाही."

"मंग आते?" फुलवंताबाईंचे पती इंद्रसिंग म्हणाले.

"जुनं लिनक्स टाकून बघू. चालेलच असं नाही."

इंद्रसिंगांचा धीर सुटला. "भाऊ, दोन दिवस व्हयनात, ती टेबलकडे हात करस. पानी दिन्हं, गोळी दिन्ही, सगळं ढकली देस. रडस. काय सांगनं शे तिले, माले समजतच नही. काही बी कर, पन हाई चालू कर."

संगणकामागची वायर तपासायला तौहिदने टेबलावरचा कीबोर्ड उचलून फुलवंताबाईंच्या खाटेवर ठेवला. फुलवंताबाईंनी तो झडप घालून जवळ ओढला. तहसील कचेरीत टंकलेखन करताना त्यांनी कधी बोटांकडे पाहिलं नव्हतं. आताही टाइप करताना त्या नवऱ्याकडेच बघत होत्या.

स्पीकरमधून आवाज आला, "मी कधीपाईन कीबोर्डच मांगस. पडदा तुम्हले लागस, माले नही."